भिंतीवरचे पूर्वज : तैलचित्रे घडतात कशी, टिकतात कशी

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पाच कापड-तपासनिसांचे एक तैलचित्र आहे. गालिचा अंथरलेल्या मेजाभोवती काळे पोशाख आणि रुंद काठांच्या टोप्या घातलेले पाच गृहस्थ बसले आहेत. समोर एक जाडजूड वही उघडलेली आहे आणि मागे त्यांचा सेवक उघड्या डोक्याने उभा आहे. एक गृहस्थ आसनावरून किंचित उठू पाहतो आहे. जणू कोणी तरी दालनात आत्ताच पाऊल टाकले आणि हिशेब थांबवून सर्वांनी मान वर केली. रेम्ब्रां या डच चित्रकाराने १६६२ मध्ये हे चित्र पूर्ण केले.

हे गृहस्थ राजे नव्हते, सरदारही नव्हते. शहरात रंगवलेल्या कापडाचा कस पाहणे, नमुन्याशी ताडून त्यावर शिशाची मोहोर लावणे, हे त्यांचे काम आणि त्या कामाची मुदत अवघ्या एका वर्षाची. पाचही जण एका पंथाचे नव्हते. दोघे कॅथलिक होते, तर उरलेले तिघे प्रोटेस्टंट धर्मातील तीन निरनिराळ्या शाखांचे. परंतु मालाच्या कसोटीपुरते ते एका मेजाशी बसत. आपल्या संस्थेच्या भिंतीवर पूर्वीच्या तपासनिसांची चित्रे आहेत, तशी आपलीही असावीत, म्हणून त्यांनी हे चित्र करवून घेतले. चित्राचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, तेव्हा चित्रकाराने सेवकाची जागा एकाहून अधिक वेळा बदलल्याचे दिसून आले. मालकांच्या मांडणीत सेवक कोठे शोभेल, याचाही त्याने इतका विचार केला होता.

व्यापारी कुटुंबांना हे दृश्य परके वाटू नये. जुन्या पेढीच्या गादीमागे, वसतिगृहाच्या सभागृहात, धर्मशाळेच्या कार्यालयात किंवा घरच्या दिवाणखान्यात संस्थापकांचे तैलचित्र लावण्याची प्रथा आपल्याकडेही रुजलेली आहे. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. पुढच्या पिढ्यांत पिठावाला, त्रिंदाद, धुरंधर, हळदणकर अशा चित्रकारांनी व्यक्तिचित्रणाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या काळात आणि त्यानंतर करवून घेतलेली कितीतरी चित्रे आज भिंतींवर ऐंशी-शंभर वर्षांची झाली आहेत. रंग मंदावले आहेत, चेहऱ्यावर बारीक तडे गेले आहेत, पगडीचा रंग ओळखू येत नाही. मग संस्थेचा शताब्दी सोहळा येतो किंवा पेढीचे नूतनीकरण निघते आणि कोणी तरी सद्भावनेने सुचवते, “जरा उजळून घेऊ या.”

या साध्या वाक्यात किती जोखीम आहे, हे समजून घ्यायचे असेल, तर रेम्ब्रांच्याच दुसऱ्या एका चित्राचे पावणेचारशे वर्षांचे खाते उघडून पाहावे लागेल.

वर्गणीतून उभे राहिलेले चित्र

‘नाइट वॉच’ म्हणजे ‘रात्रीचा पहारा’ या नावाने जगभर ओळखले जाणारे हे चित्र १६४२ चे आहे. शहररक्षणासाठी ॲमस्टरडॅमच्या नागरिकांची पथके असत. त्यांपैकी एका पथकाचा कप्तान फ्रान्स बॅनिंक कॉक आणि त्याचे सहकारी यांनी आपल्या पथकाच्या सभागृहासाठी ते करवून घेतले. त्यांतील अनेक जण दिवसा कापडाच्या व्यापारात असणारे गृहस्थ होते. चित्राचा खर्च त्यांनी आपसांत वाटून घेतला.

या व्यवहाराचा तपशील आज ठाऊक आहे, तो एका दुःखद कारणामुळे. १६५६ मध्ये रेम्ब्रां कर्जात बुडाला आणि त्याच्या मालमत्तेची यादी करण्यात आली. पुढे त्याच्या मिळकतीची जी चौकशी चालली, तीत १६५९ मध्ये चित्रातल्याच एका कापड व्यापाऱ्याने साक्ष दिली. सोळा जणांनी सरासरी शंभर शंभर गिल्डर दिले होते. चित्रात ज्याला जशी जागा मिळाली, त्याप्रमाणे कोणाचा वाटा थोडा अधिक होता, तर कोणाचा थोडा कमी. पुढे उभा राहणाऱ्याने जास्त द्यावे आणि मागून डोकावणाऱ्याने कमी, हा हिशेब कोणत्याही मंडळाच्या विश्वस्तांना सहज पटण्यासारखा आहे.

चित्रकारानेही आपली बाजू चोख पार पाडली. अलीकडे झालेल्या तपासणीत, रंग लावण्यापूर्वी कापडावर दिलेल्या थराखाली शिसे असलेला आणखी एक थर आढळला. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या भिंतीवर चित्र लागणार होते, ती इमारतीची बाहेरची, ओल धरणारी भिंत होती. त्या ओलीपासून कापडाचे रक्षण व्हावे म्हणून रेम्ब्रांने शिसेमिश्रित तेलाचा हा थर दिला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. चित्र कोठे लागणार, तिथली हवा कशी आहे, भिंत कोरडी आहे की ओलसर, हा विचार कुंचला हाती घेण्यापूर्वी झाला होता. मुंबई-कोकणातला पावसाळा भोगणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

घावांचे खाते

या चित्राला पहिला मोठा घाव बसला, तो शत्रूच्या हातून नव्हे. १७१५ मध्ये ते पथकाच्या सभागृहातून नगरभवनात हलवण्यात आले. तेथे दोन दरवाजांच्या मधल्या भिंतीवर ते मावेना. भिंत मोठी करता येत नव्हती, म्हणून चित्र लहान करण्यात आले. चारही बाजूंनी पट्ट्या कापल्या गेल्या. डाव्या बाजूची पट्टी तर साठ सेंटिमीटरच्या आसपास रुंद होती आणि तिच्याबरोबर दोन उभे पुरुष चित्रातून कायमचे नाहीसे झाले. त्या पट्ट्या पुन्हा कधीही सापडल्या नाहीत. उरलेले चित्र आज सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे.

दुसरा घाव हळूहळू बसत गेला. रंगाच्या रक्षणासाठी लावलेले व्हार्निश काळाबरोबर पिवळे आणि नंतर तपकिरी झाले. त्यावर धूर आणि धूळ बसली, त्यावर पुन्हा व्हार्निशचे थर चढले. अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्र इतके काळवंडले होते की, लोकांनी त्याला ‘रात्रीचा पहारा’ म्हणायला सुरुवात केली. १९४६-४७ मध्ये जुने थर उतरवले, तेव्हा आत दिवसाचा स्वच्छ उजेड निघाला. नाव मात्र तोवर जगाच्या तोंडी बसले होते.

त्यानंतरच्या नोंदी हल्ल्यांच्या आहेत. १९११ मध्ये एका बेकार माणसाने चित्रावर सुरी चालवली, पण व्हार्निशचा थर जाड असल्यामुळे ती रंगापर्यंत फारशी पोहोचली नाही. १४ सप्टेंबर १९७५ रोजी मात्र दुसऱ्या एका माणसाने पाव कापण्याच्या सुरीने मध्यभागी लांबच लांब वार केले आणि कॅनव्हास आरपार फाटला. १९९० मध्ये तिसऱ्याने आम्ल फवारले. रखवालदारांनी तत्काळ पाणी मारल्याने त्याचा दाह व्हार्निशपाशीच थांबला.

आता या खात्याची बेरीज मांडून पाहावी. १९७५ चे वार अनेक महिन्यांच्या परिश्रमांनी धागा धागा जुळवून बुजवले गेले. आज जवळून, शोधक नजरेने पाहिले तरच त्यांच्या खुणा दिसतात. आम्लाची डागडुजी थोड्याच अवधीत झाली. काळवंडलेले व्हार्निश उतरवता आले. परंतु १७१५ मध्ये ज्यांच्या ताब्यात ते चित्र होते, त्यांनी भिंतीच्या सोयीसाठी जे कापले, ते तीनशे वर्षांत कोणालाही परत आणता आलेले नाही.

गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने सतराव्या शतकातच या चित्राची एक लहान प्रतिकृती केली होती. त्यामुळे मूळ रचना कशी होती, एवढे तरी कळते. २०२१ मध्ये संग्रहालयाने त्या प्रतिकृतीवरून संगणकाच्या साहाय्याने हरवलेल्या पट्ट्यांची रेम्ब्रांच्या शैलीतील छायाप्रत तयार केली आणि काही काळ ती मूळ चित्राभोवती लावून दाखवली. मूळ चित्राला तिचा स्पर्शही होऊ दिला नाही. ठरलेल्या काळानंतर ती काढून ठेवली. तंत्रज्ञान हाताशी असूनही पाळलेला हा संयम, आजच्या संवर्धनशास्त्राचा गाभा आहे.

तैलचित्राची अंगरचना

तैलचित्र म्हणजे कापडावर लावलेला रंग, ही समजूत अपुरी आहे. त्यात एकावर एक असे निदान चार थर असतात. सर्वांत खाली जवसाच्या धाग्याचे किंवा सुती कापड लाकडी चौकटीवर ताणलेले असते. तेलामुळे धागा कुजू नये म्हणून त्यावर सरसाचा पातळ हात दिलेला असतो. त्यावर पांढरा किंवा तपकिरी अस्तररंग. मग प्रत्यक्ष चित्र, म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगद्रव्ये. आणि सर्वांत वर पारदर्शक व्हार्निश.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन सुकत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट पापुद्र्यात रूपांतरित होते. वरचा थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण आतला रंग पक्का व्हायला कित्येक महिने, जाड थर असेल तर वर्षेही लागतात. पक्का झालेला हा पापुद्रा पुढे ताठ होत जातो. खालचे कापड आणि सरस मात्र दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आकसतात. खालचा थर हलतो आणि वरचा हलू शकत नाही, म्हणून तडे जातात. दिवसभर वातानुकूलन आणि रात्री बंद खोलीतली दमट हवा, असा रोजचा हेलकावा सतत सारख्या असणाऱ्या उष्म्यापेक्षाही चित्राला अधिक जाचक ठरतो.

पावसाळ्यात धोका मागून येतो. भिंतीला टेकलेल्या कॅनव्हासच्या पाठीशी हवा खेळत नाही. तेथे कापड आणि सरस यांवर बुरशी पोसली जाते आणि समोरून काही दिसण्याआधीच रंगाची पकड सैल होऊ लागते. पुढून येणारा धोका धुराचा असतो. तसबिरीपुढे लावलेली निरांजन किंवा उदबत्ती श्रद्धेची असते, पण तिची काजळी वर्षानुवर्षे त्याच चेहऱ्यावर बसत राहते.

या रचनेत व्हार्निशची भूमिका मुद्दाम समजून घ्यावी. ते चित्राचे उपरणे आहे. मळायचे ते त्याने मळावे, पिवळे पडायचे ते त्याने पडावे आणि वेळ आली की त्याला उतरवून दुसरे घालता यावे, अशीच त्याची योजना असते. उतरवताना खालच्या रंगाला धक्का लागू न देणे, यात सारे कौशल्य आहे.

जीर्णोद्धार आणि संवर्धन

मंदिराच्या जीर्णोद्धारात भंगलेला दगड काढून त्याच घडणीचा नवा दगड बसवला जातो, झिजलेली शिखरे पुन्हा उभारली जातात. त्यामागे उपासना अखंड चालावी हा हेतू असतो आणि दान देणाऱ्यांना नवेपणाची झळाळी समाधान देते. तैलचित्राकडे मात्र याच दृष्टीने पाहता येत नाही. चित्रात जो हात उमटला आहे, तो त्या एका पातळ थरातच आहे. तो खरवडून पुन्हा रंगवला, तर राहते ती चौकट आणि कापड. चित्र दुसऱ्याचे होते.

म्हणून संवर्धक तीन नियम पाळतात. आवश्यक असेल तेवढेच करावे. जे करावे, ते पुढच्या पिढीला उलटवता यावे. आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची लेखी व छायाचित्रांकित नोंद ठेवावी. दुसऱ्या नियमाचे महत्त्व हॉलंडमध्येच अनुभवाने कळले. फाटक्या कॅनव्हासला मागून मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने दुसरे कापड चिकटवण्याची पद्धत तेथे एकेकाळी सर्वोत्तम मानली जाई. ‘नाइट वॉच’लाही असे अस्तर एकाहून अधिक वेळा लावले गेले. नंतर लक्षात आले की, मेण रंगाच्या थरात मुरते, काही छटा गडद करते आणि ते पूर्णपणे काढून टाकता येत नाही. त्या काळच्या जाणत्या लोकांनी शुद्ध हेतूने केलेला उपाय पुढे अडचण झाला. आपल्यालाही सर्व काही कळलेले नाही, हे मानून काम करण्याची शिस्त यातून आली.

प्रत्यक्ष काम कसे चालते? आधी केवळ पाहणे. बाजूने तिरपा प्रकाश टाकला की पापुद्रे आणि उंचवटे दिसतात. अतिनील प्रकाशात जुने व्हार्निश हिरवट चकाकते आणि नंतर कोणी लावलेले रंग काळ्या डागांसारखे उठून दिसतात. अवरक्त प्रकाश आणि क्ष-किरण यांमुळे आतले रेखाटन आणि चित्रकाराने बदललेले बेत उघड होतात. त्यानंतर सुटू लागलेले पापुद्रे जागच्या जागी बसवले जातात. मग एखाद्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, कापसाच्या बोळ्याने स्वच्छतेची चाचणी घेतली जाते. कोणते द्रावण व्हार्निश विरघळवते आणि रंगाला हात लावत नाही, याची खात्री पटल्यावरच पुढचे काम. जेथे मूळ रंग गळून गेला आहे, तेवढीच खळगी भरून, तेवढ्यातच रंग लावायचा. तोही असा की, मूळ तैलरंगाला न दुखवता उद्या पुसून काढता यावा. मूळ रंगावर कुंचल्याचे टोकही जाता कामा नये.

राइक्सम्युझियमने जुलै २०१९ पासून ‘नाइट वॉच’चे असे काम काचेच्या दालनात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत सुरू केले. पहिली काही वर्षे केवळ तपासणीत गेली. १९७५-७६ मध्ये लावलेले व्हार्निश उतरवण्यास प्रारंभ झाला, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. पाच वर्षे पाहायचे आणि मग हात लावायचा, हे प्रमाण ध्यानात घेतले, तर सोहळ्याच्या आधी आठवड्याभरात चित्र ‘नवे’ करून देण्याचे आश्वासन किती धोक्याचे आहे, ते उमगेल.

आपल्याकडे असे उजळलेले चित्र पाहिले की चटकन ध्यानात येत नाही. रंग ठळक झालेले असतात, पगडी लखलखते, चौकटीला सोनेरी मुलामा असतो. मग घरातील वयोवृद्ध आजी समोर उभ्या राहतात आणि क्षणभराने म्हणतात, “हे तुमचे आजोबा नव्हेत.” डोळ्याखालची सावली, ओठाच्या कोपऱ्यातली किंचित मुरड, गालावरची देवीची खूण, या सगळ्यांवर सपाट रंग फिरलेला असतो. कधी चित्रकाराची सहीसुद्धा त्याखाली गेलेली असते आणि ते कोणाच्या हातचे होते, हे सांगणारा एकमेव पुरावा त्याबरोबर जातो.

घरच्या चित्रासाठी

बहुतेक चित्रांना मोठ्या शस्त्रक्रियेची गरज नसते. त्यांना शांत जागा हवी असते. आतली, कोरडी भिंत निवडावी. शक्य नसेल, तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चित्र यांत बोटभर अंतर ठेवावे. खिडकीचे थेट ऊन, वातानुकूलन यंत्राचा झोत, स्वयंपाकघराची वाफ आणि चित्रावर रोखलेला प्रखर दिवा टाळावा. निरांजन आणि उदबत्ती काही हात दूर ठेवावी. हार घालायचा असेल, तर त्याचा खिळा भिंतीत ठोकावा, चौकटीत नव्हे आणि ओली फुले कॅनव्हासला टेकू देऊ नयेत.

धूळ झटकण्यासाठी कोरडा, मऊ, रुंद कुंचला पुरतो, तोही रंगाचे पापुद्रे सुटलेले नसतील तरच. ओला फडका, साबण, कांदा किंवा बटाटा चोळणे, जवसाचे तेल फिरवून तात्पुरती चमक आणणे, हे उपाय घरोघरी सांगितले जातात आणि प्रत्येकाने नुकसानच होते. पाणी तड्यांतून आत शिरते आणि सरस फुगतो. वरून चोळलेले तेल पुढे काळे पडते आणि ते काढणे व्हार्निश काढण्याहून कठीण असते. फाटलेल्या कॅनव्हासला मागून चिकटपट्टी लावणे किंवा सैल पडले म्हणून ते प्लायवूडवर डिंकाने चिकटवणे, हेही असेच. पापुद्रा गळून पडला असेल, तर तो कागदात जपून ठेवावा, चित्र उभे न ठेवता वरचा भाग आकाशाकडे करून सपाट ठेवावे आणि जाणकाराला बोलवावे.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, चित्राचे पुढून व मागून छायाचित्र घ्यावे. मागच्या बाजूला असलेली चिठ्ठी, मोहोर, चौकट करणाऱ्याचे नाव, तारीख, काहीही फेकू नये. चित्रात कोण आहे, कोणी काढले, कोणत्या प्रसंगी, ही माहिती घरातील ज्येष्ठांकडून आजच लिहून घ्यावी. चेहरा टिकला आणि नाव हरवले, अशी चित्रे जुन्या बाजारात पुष्कळ सापडतात.

जाणकार कोठे मिळतील? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत आणि तेथे स्वतंत्र कलासंवर्धन केंद्रही आहे. लखनौ येथे केंद्र सरकारची सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे. ‘इंटॅक’ या संस्थेची संवर्धन केंद्रे काही शहरांत आहेत. अशा ठिकाणी विचारणा केल्यास योग्य दिशा कळते. संवर्धकाला प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. चाचणी कोठे घेणार, कोणते पदार्थ वापरणार, नंतर ते काढता येतील का, लेखी अहवाल मिळेल का? या प्रश्नांनी रागावणाऱ्याच्या हाती चित्र देऊ नये.

आणखी एक व्यवहाराची बाब. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा यांच्यासारख्या काही चित्रकारांच्या कृतींना तर वयाची अटही नाही. आजोबांचे चित्र अँटवर्प किंवा लंडनला स्थायिक झालेल्या भावाकडे पाठवण्यापूर्वी हे तपासून घ्यावे.

नवे चित्र करवून घेताना

जुने जपताना नवे करवून घेण्याची परंपराही थांबलेली नाही. संस्थेचे अध्यक्ष, कुटुंबातील कर्ती स्त्री, आजी-आजोबांची जोडी यांची चित्रे आजही सांगून करवली जातात. येथे ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांची रीत उपयोगी पडते. आकार, मोबदला, हप्ते आणि मुदत यांचा करार लेखी असावा. चित्र कोणत्या भिंतीवर लागणार, ते चित्रकाराला नेऊन दाखवावे. केवळ छायाचित्र हाती देण्यापेक्षा, शक्य असेल तर व्यक्तीने चार-सहा वेळा समोर बसावे. छायाचित्रात एक क्षण सापडतो. बैठकींत माणसाची बसण्याची, ऐकण्याची, हात ठेवण्याची सवय सापडते आणि पुढच्या पिढीला तीच ओळखीची वाटते.

साहित्याची यादी मागावी. जैन कुटुंबांसाठी या यादीला आणखी एक अर्थ आहे. परंपरेने कॅनव्हासला दिला जाणारा सरस प्राण्यांच्या कातड्यापासून बनतो, काही काळ्या रंगद्रव्यांत हाडांची राख असते, कुंचले डुकराच्या वा अन्य प्राण्यांच्या केसांचे असतात आणि सुटलेले पापुद्रे बसवण्यासाठी माशापासून केलेला सरसही वापरला जातो. आज या बहुतेकांना कृत्रिम पर्याय आहेत. कॅनव्हाससाठी ॲक्रिलिक लेप, काजळीपासून केलेला काळा रंग, कृत्रिम धाग्याचे कुंचले आणि संवर्धनासाठी तयार केलेले कृत्रिम चिकटद्रव्य, असे साहित्य मिळते. काम सुरू होण्यापूर्वी आपला आग्रह स्पष्ट सांगितला, तर चित्रकार आणि संवर्धक त्याप्रमाणे योजना करू शकतात. जुन्या चित्रातला मूळ सरस मात्र काढून टाकता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये.

शेवटचे व्हार्निश घाईने मागू नये. रंग पुरेसा पक्का होण्यासाठी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर द्यावे. उद्घाटनाच्या दिवशी चित्राला चकाकी कमी असली तरी चालेल. वर्षाने चित्रकाराला पुन्हा बोलवून ते काम करून घ्यावे आणि त्याची रक्कम करारातच राखून ठेवावी.

पेढीच्या खात्यात भांडवल आणि नफा वेगळे लिहिले जातात. नफा खर्च करण्याची मुभा असते, भांडवलाला हात लावण्यापूर्वी घरातील सर्वांना विचारावे लागते. पूर्वजांचे तैलचित्र हे या अर्थाने भांडवलात मोडते. १७१५ मध्ये नगरभवनात ज्यांनी कात्री चालवली, त्यांना ते चित्र आपल्या मालकीचे वाटले असावे आणि कागदोपत्री ते बरोबरही असेल. डाव्या कडेला उभ्या असलेल्या त्या दोन पुरुषांना मात्र कोणी विचारले नाही. वर्गणी भरून चित्रात आपली जागा राखायची, हा करार त्यांच्या पथकाने केला होता. आज लुंडेन्सच्या लहानशा प्रतिकृतीत ते दोघे अजून उभे आहेत आणि मूळ चित्रात जेथे ते होते, तेथे आता चौकटीची कड आहे.